वाळवंटातला झरा कुणाला सापडतो?

वाळवंटात पायी हिंडताना झरा सापडला की आपण श्रेय नशिबाला देतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातले झरे पाहिले, तर हे श्रेय भलत्याच खात्यावर जमा होतं असं दिसतं. तिथे जमिनीखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा सुमारे 17 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला भूजलसाठा आहे. खडकांच्या थरांत दाबाखाली कोंडलेलं पाणी या खोऱ्याच्या कडेला भेगांमधून वर येतं, आणि त्यातले क्षार साचून झऱ्याभोवती उंचवटा तयार होतो. म्हणजे पाणी खोलगट जागी नव्हे, चक्क टेकाडाच्या माथ्यावर! शिवाय झऱ्यांचे हे पुंजके भेगांच्या रोखाने माळेसारखे ओळीने लागतात. तिथले मूळ रहिवासी अरबाना लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या आधाराने वावरले. शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्टने 1859 मध्ये यांतले कित्येक झरे नोंदवले. त्याला शोध म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण तो नकाशापुरता. 1872 मध्ये पूर्ण झालेली तारायंत्राची लाइनही याच झऱ्यांच्या वाटेने गेली.

कुणी म्हणेल, एवढं भूगर्भशास्त्र कशाला, पक्ष्यांच्या मागे जावं. जावं, पण जपून. दाणे टिपणारी झेब्रा फिंच सहसा पाण्याच्या आसपास राहते. शिकारी पक्ष्याची तहान मात्र बरीचशी भक्ष्यावरच भागते. आणि थवे तर पावसाच्या डबक्यावरही जमतात. बारमाही पाण्याची साक्ष खडकच देतो. तीही अढळ नाही: 1878 पासून खोदलेल्या विंधन विहिरींमुळे भूजलाचा दाब घटला आणि काही झरे आटले.