समुद्रपातळीची मोजणी

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही इस्लापूरची किंवा जवळच्या सहस्रकुंड धबधब्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ज्या शून्यापासून मोजली जाते, तो शून्य किनाऱ्यावरील भरतीमापकांनी ठरवून दिलेला आहे. मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा ९ ठिकाणची सरासरी समुद्रपातळी आधाराला घेऊन भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ साली देशातील उंचीमापनाचे गणित जुळवले.

भरतीमापकाची जुनी रचना साधी, पण फार विचारपूर्वक केलेली आहे. धक्क्यालगत उभा नळ बसवून त्याच्या तळाशी लहानसे छिद्र ठेवतात, त्यामुळे बाहेर लाटा उसळत असल्या तरी आतले पाणी केवळ भरती-ओहोटीबरोबर संथपणे चढते-उतरते. त्या पाण्यावरचा तरंगता गोळा तारेने आणि कप्पीने लेखणीशी जोडलेला असतो व घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या दंडगोलावरील कागदावर ती लेखणी पातळीची रेघ ओढत राहते. आता अनेक ठिकाणी रडारलहरी पाण्यावर सोडून त्या परतण्यास लागलेल्या वेळेवरून पातळी काढतात.

मुंबईत अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि हिंदी महासागराच्या काठावर इतका जुना ठेवा दुर्मीळ आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी सुमारे ५ मीटर वरखाली होते, तर शोधायचा बदल वर्षाला काही मिलिमीटरचा. शिवाय चंद्रकक्षेच्या १८.६ वर्षांच्या आवर्तनाचाही भरतीवर परिणाम होतो, म्हणून दशकानुदशकांच्या सरासरीशिवाय हा बदल हाती लागत नाही.

भरतीमापक पाण्याची पातळी जमिनीच्या संदर्भात सांगतो. त्यामुळे धक्का खचला तर समुद्र चढल्यासारखा दिसतो. हा घोटाळा टाळण्यासाठी जवळच्या पक्क्या खडकावर कोरलेल्या उंचीच्या खुणेशी यंत्र पुन्हा पुन्हा ताडून पाहतात. १९९२ साली सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने सुमारे १,३३६ किलोमीटरवरून रडारने समुद्राची उंची पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भात मोजण्यास आरंभ केला. २०१३ साली भारत व फ्रान्स यांचा सरल उपग्रह याच कामी लागला. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, हे सांगताना आधीच्या नऊ दशकांसाठी भरतीमापकांच्याच नोंदींवर विसंबावे लागते. उपग्रहाच्या मापनातील हळूहळू वाढणारी चूकही याच किनारी यंत्रांशी तुलना करून पकडली जाते. म्हणून नवे यंत्र बसवताना जुने लगेच काढून न टाकता दोन्ही काही काळ शेजारी चालवणे अत्यावश्यक आहे.