हातानं थापलेला पिझ्झा, हातानं थापलेली भाकरी



मी लेकीकडं अमेरिकेला जाऊन आले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आल्यापासून जी ती विचारते, काय काय बघितलंस? बघितलं पुष्कळ. पण आज मी फक्त एका जेवणाबद्दल बोलणार आहे. कारण आपल्या गटात सध्या एक वाद चालू आहे. यंदा जत्रेतल्या स्टॉलवर भाकरी-पिठलं ठेवायचं की पिझ्झा? काही जणींचं म्हणणं, भाकरीला कोण विचारतंय, पोरं पिझ्झा मागतात. त्या वादाला या जेवणाचा उपयोग होईल, म्हणून सांगते.

फ्लोरिडा राज्यात ओरलँडो शहराजवळ डिस्ने वर्ल्ड आहे. १९७१ साली ते सुरू झालं. तिथं चार मोठी थीम पार्क आहेत. थीम पार्क म्हणजे कायमची भरलेली जत्राच म्हणा, फक्त प्रत्येक जत्रा एकेका कल्पनेभोवती बांधलेली. लेकीनं आणि जावयांनी मला त्यातल्या एपकॉटमध्ये नेलं. ते १९८२ सालचं. तिथं एका तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत. मेक्सिको, चीन, जपान, मोरोक्को, इटली असे. प्रत्येक ठिकाणी त्या देशासारख्या इमारती, तिथली दुकानं, तिथलं खाणं. पूर्ण फेरी दोन किलोमीटरची भरते. त्या अकरांत आपला भारत नाही. पण आपलं खाणं तिथं पोचलं होतं, ते माझ्या पिशवीतून.

झालं असं, की त्या पार्कात घरचं खाणं आत न्यायला मनाई नाही. काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. माणशी तिकीटच शंभर डॉलरच्या वर, मग दोन्ही वेळा विकतचं खाणं कशाला? म्हणून सकाळी लेकीच्या घरी दशम्या केल्या, शेंगादाण्याची चटणी घेतली, आणि दुपारी तळ्याकाठी बाकावर बसून खाल्लं. प्यायचं पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. तुम्हीही गटाची सहल काढाल तेव्हा आधी फोन करून विचारा, घरचा डबा आत नेऊ देतात का. आपल्याकडं बऱ्याच पार्कांत नेऊ देत नाहीत, आणि मग खाण्याचा खर्च तिकिटाच्या बरोबरीला जातो.

संध्याकाळचं जेवण मात्र इटलीच्या भागात. हॉटेलचं नाव व्हिया नापोली. नापोली म्हणजे इटलीतलं नेपल्स शहर, पिझ्झ्याचं माहेर. जागा आधीपासून राखून ठेवावी लागते, ते काम लेकीनं केलं होतं. आत गेलं की समोरच तीन मोठ्या लाकडाच्या भट्ट्या. भट्टीच्या तोंडाशी माणसाचा चेहरा घडवलाय, त्यानं आ वासलाय, आणि त्या तोंडात पिझ्झा सरकवतात. तिन्ही भट्ट्यांना इटलीतल्या ज्वालामुखींची नावं दिली आहेत: एटना, व्हेसूव्हियो आणि स्ट्रोम्बोली. जेवणारा माणूस बसल्या जागेवरून सगळं बघतो. काही झाकलेलं नाही.

वाढायला आलेला मुलगा इटलीहूनच आलेला. तिथल्या निरनिराळ्या विभागांत त्या त्या देशांतून तरुण मुलं कामाला आणतात. लेकीनं त्याला पहिल्यांदा सांगितलं, आई शाकाहारी आहे. नुसतं मांस नको म्हणून भागत नाही बरं का. इटलीत पार्मेझान म्हणतात ते चीज दूध फाडण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात. शाकाहारी बाईनं विचारायलाच पाहिजे. विचारायला लाजू नका, तिथं खाण्याचं पथ्य विचारणं ही रोजची गोष्ट आहे. आपल्याकडं पाकिटावर हिरवा ठिपका बघता, तसंच हे. आम्ही साधा मार्गेरिता घेतला आणि वरून ते किसलेलं चीज घालू नका म्हणून सांगितलं.

पिझ्झा आला. मधे पातळ आणि मऊ, कडेला फुगलेला, आणि फुगलेल्या कडेवर काळे डाग. मी लेकीला म्हटलं, अगं, हा तर भाकरीचा पापुद्रा! वर टोमॅटो, पांढरं मऊ चीज आणि बेसिलची पानं, म्हणजे आपल्या तुळशीच्याच जातीची. चव चांगली होती. माझी जीभ ठेच्याची आठवण काढत होती, ते सोडा.

मग बिल आलं. एकट्याच्या पिझ्झ्याला वीस डॉलरच्या वर. आपले सतराशे रुपये तरी धरा. वर कर, आणि वाढणाऱ्याला शंभराला अठरा-वीस टिप द्यायची तिथली रीत. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, टोमॅटो आणि चीज यांचे एवढे पैसे? मला राहवेना. मी त्या पिझ्झ्याचं मूळ शोधून काढलं, आणि आता तेच सांगते.

नेपल्समध्ये पिझ्झा हे गरिबाचं खाणं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मजूर आणि कोळी तो रस्त्यावर घेऊन, घडी घालून, उभ्या उभ्या खायचे. श्रीमंत लोक नाकं मुरडायचे. १८८९ साली मार्गेरिता राणी नेपल्सला आली, तिला लाल, पांढरा आणि हिरवा असा इटलीच्या झेंड्याच्या रंगांचा पिझ्झा आवडला आणि तिचं नाव त्याला पडलं, अशी गोष्ट सांगतात. इतिहासकार या गोष्टीबद्दल शंका घेतात. मला राणीपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटली, ती नेपल्सच्या गल्लीतल्या बायांची.

दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर बॉम्ब पडले. भट्ट्या मोडल्या, लाकूड मिळेना, चीज महाग झालं. तेव्हा गल्लीतल्या बाया घराच्या दारात कढई मांडून पिझ्झा तळून विकायला लागल्या. तळला की पीठ फुगतं आणि थोडक्यात पोट भरल्यासारखं होतं. गिऱ्हाईकाकडंही पैसे नव्हते, म्हणून आज खा आणि आठ दिवसांनी पैसे दे, असा उधारीचा व्यवहार. त्यावरून त्या पिझ्झ्याला आठ दिवसांचा पिझ्झा असंच म्हणायचे. वाडीवस्तीवर हातउसनं देणाऱ्या आपल्यासारख्याच त्या. त्यांनी ते खाणं वाईट दिवसांत जगवलं.

पुढं नेपल्सच्या लोकांनी काय केलं, ते नीट ऐका. १९८४ साली पिझ्झावाल्यांनी संघटना केली आणि नियम लिहून काढले. पीठ हातानं किंवा ठरलेल्या यंत्रानं मळायचं, पण पोळा पसरायचा तो हातानंच. लाटणं चालत नाही. लाकडाच्या भट्टीत साधारण साडेचारशे अंश उष्णता, आणि साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा बाहेर. कड एक ते दोन सेंटिमीटर. तिकडचं म्हशीच्या दुधाचं मोझरेला चीज आहे, त्यालाही १९९६ साली युरोपात नावाचं संरक्षण मिळालं. म्हशीच्या दुधाचं हं! पंढरपुरी म्हैस आपल्या दारात बांधलेली आहे. आणि २०१७ साली युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. पदार्थाला नव्हे, करणाऱ्यांच्या हाताला तो मान दिला.

आता भाकरीकडं बघा. तीही हातानंच थापायची, लाटण्याचं काम नाही. उकळतं पाणी किती, पीठ किती मळायचं, तवा कधी तापला, हे सगळं हाताला कळतं. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. कमी आहे ती एकच गोष्ट: आपण आपल्या हाताची किंमत धरत नाही.

हिशेब करू या. समजा ज्वारी दळणासकट पन्नास रुपये किलो पडली आणि किलोत दहा भाकरी झाल्या. एका भाकरीचं पीठ पाच रुपयांचं. गॅस दीड रुपया. एक बाई तासाला पंधरा भाकरी करते आणि तिची मजुरी तासाला साठ रुपये धरली, तर भाकरीमागं चार रुपये. झाले साडेदहा. त्यात स्टॉलचं भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च अजून यायचाय. आपण भाकरी विकतो दहाला. म्हणजे मजुरीतून पैसे जातात, आणि आपल्याला वाटतं धंदा झाला. तुमचे आकडे वेगळे असतील. पण मजुरीचा रकाना वहीत असलाच पाहिजे.

तेव्हा माझं मत असं. पिझ्झा ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याला भट्टी लागते, चीज थंड ठेवायला फ्रिज लागतो, आणि गावोगावी तो करणारे आता पुष्कळ झालेत. त्यांच्याशी स्पर्धा आपल्याला महाग पडेल. त्यापेक्षा नेपल्सवाल्यांच्या तीन गोष्टी उचलू. पहिली, चूल आणि तवा पुढं मांडायचा, भाकरी गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत थापायची. दुसरी, सगळ्या जणींच्या भाकरीचं माप एक. गोळा तोलून घ्यायचा, एकीची जाड आणि एकीची पातळ असं नको. तिसरी, पाटीवर ज्वारी कुठली, थापणारी बाई कोण, हे लिहायचं. शेजारी घरचं लोणी आणि ठेचा ठेवायचा, आणि त्या ताटाचा भाव मजुरी धरून ठरवायचा.

भाव ऐकून एखादं गिऱ्हाईक पुढं जाईल. जाऊ द्या. तवा गरम असला आणि वास सुटला की दुसरं येईल.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपापल्या घरी एका तासात किती भाकऱ्या होतात आणि किती पीठ लागतं, ते लिहून आणावं. त्या आकड्यांवर आपण स्टॉलचा निर्णय घेऊ.