मैलापूर : कॉफी, कथा आणि कला



जुन्या वस्तीची ओळख करून घ्यावयाची म्हणजे तिची देवळे पाहावी, असा आपला प्रघात आहे. तो अयोग्य आहे असे नाही. परंतु वस्तीने काय बांधले यापेक्षा तिने काय स्वीकारले, हे पाहणे पुष्कळदा अधिक उद्बोधक ठरते. चेन्नईतील मैलापूर या भागाकडे आज आपण याच दृष्टीने पाहू.

तमिळ भाषेत ‘मयिल’ म्हणजे मोर. पार्वतीने मयूरीच्या रूपाने येथे शिवाची आराधना केली, अशी कथा आहे. इंग्रजांनी मद्रासचा पाया घातला तो १६३९ मध्ये. मैलापूर त्याहून कितीतरी प्राचीन. सातव्या शतकातील संबंदर या शैव संतकवीने आपल्या एका पदात येथील उत्सवांचे एकामागून एक वर्णन केले आहे. मध्यभागी कपालीश्वराचे देऊळ, पश्चिमेस विस्तीर्ण तलाव, आणि सभोवती ‘माड वीथी’ म्हणून ओळखले जाणारे रस्ते, अशी या वस्तीची ठेवण आहे.

पहाटे या रस्त्यांनी हिंडू लागावे, तो दारोदार तांदळाच्या पिठीचे कोलम रेखलेले दिसते, आणि घराघरांतून कॉफीचा दरवळ येतो. पितळी गाळणीच्या वरच्या भांड्यात कॉफीची पूड दाबून बसवितात व तिच्यावर उकळते पाणी ओततात. खाली थेंब थेंब साठलेला गडद अर्क उकळत्या दुधात मिसळून, पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून फेसाळ करितात. हा विधी इतक्या निष्ठेने चालतो की, तो परंपरागतच असावा असे कोणासही वाटेल. वास्तविक तमिळ घरांत कॉफीचा सार्वत्रिक प्रवेश झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यापूर्वी सकाळची न्याहारी म्हणजे रात्री पाण्यात भिजत घातलेला भात. तो मागे पडून कॉफी आली, तेव्हा जुन्या वळणाच्या मंडळींनी पुष्कळ हळहळ व्यक्त केली होती. आज पोंगल, इडली आणि वडा यांच्या जोडीला कॉफी नसेल, तर तीच मंडळी हळहळतील!

संगीताचीही गोष्ट अशीच. १९२७ च्या मद्रास काँग्रेसच्या अधिवेशनासमवेत संगीत परिषद भरली, व १९२८ मध्ये संगीत अकादमीची स्थापना झाली. मैलापुरातील रसिक रंजनी सभा १९२९ ची. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, अशा सभांमधून गायन, वादन व नृत्य यांचा जणू पूर लोटतो. त्या मैफलींत साथीस असलेले व्हायोलिन युरोपातून आलेले. दाक्षिणात्यांनी ते मांडी घालून, वाद्याचे टोक पायाशी टेकवून वाजविले आणि आपलेसे केले.

परंतु मराठी माणसाने विशेषेकरून ऐकावी ती हरिकथा. तंजावरास व्यंकोजीराजांच्या वंशाने १८५५ पर्यंत राज्य केले. राज्य गेले, पण मराठी कीर्तन तेथे राहिले. महाराष्ट्रातून गेलेल्या कीर्तनकारांच्या पद्धतीत कर्नाटक संगीत मिसळून तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तमिळ हरिकथेला घाट दिला. ती पुढे मद्रासच्या सभांत रुजली. म्हणूनच मैलापुरात तमिळ निरूपण चालू असता मध्येच चिपळ्या खणखणतात, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले ओळखीचे शब्द कानी पडतात. माहेरची भाषा परक्या घरी ऐकू यावी, तसे वाटते.

नवरात्रात उत्तर माड वीथीवर मातीच्या बाहुल्यांचा बाजार भरतो. पायऱ्यांवर त्या मांडून ‘गोलू’ सजवितात. आपल्याकडील गौरीपुढच्या आराशीची आठवण व्हावी. दशावताराशेजारी लग्नाची वरात, वाणी, क्रिकेटचे खेळाडूही बसतात. नव्याला येथेही मज्जाव नाही.

तथापि, वस्तूंना दार जितक्या लवकर उघडले, तितक्या लवकर ते माणसांना उघडले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रासेतील अनेक कॉफीगृहांत ब्राह्मणांची जागा निराळी असे, आणि अस्पृश्य मानलेल्यांस तर प्रवेशच नसे. सी. सरस्वतीबाई या हरिकथेस उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रीने कथा करावी हे पुरुष भागवतरांस रुचले नाही. हरिकथेच्या अत्यंत आवडत्या आख्यानांपैकी एक म्हणजे गोपालकृष्ण भारती यांचे नंदनारचरित्र. नंदनार हा अस्पृश्य शिवभक्त, तमिळांचा चोखोबाच म्हणा. त्याची व्यथा ऐकून श्रोते डोळे पुशीत. पण त्याच्याच जातीच्या माणसास देवळाचे दार बंदच असे. ते उघडण्यासाठी १९३९ आणि १९४७ चे कायदे व्हावे लागले.

पंगुनी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, कपालीश्वराचा मोठा उत्सव होतो. त्याच्या आठव्या दिवशी त्रेसष्ट शैव संतांच्या मूर्ती माड वीथींतून मिरवितात. त्यांत राजे आहेत, तसेच कुंभार, कोळी, परीट आणि नंदनारही आहेत. रस्तोरस्ती मांडव घालून लोक ताक आणि गुळाचे पानक वाटतात. मैलापूर पाहावयाचे तर याच दिवशी पाहावे. पालखीत नंदनाराला मिळालेले स्थान पालखीखाली चालणाऱ्या त्याच्या भावंडांनाही मिळणे, हीच या वस्तीच्या थोरपणाची खरी कसोटी होय. आणि ती एकट्या मैलापूरची नाही. आपल्या आळीत आपण कोणती वस्तू प्रेमाने घेतली, आणि कोणत्या माणसास दाराबाहेर ठेवले, हा हिशेब आपणही मांडून पाहावा.