मध्यंतरानंतरचा सिनेमा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



खेळ सुटल्यावर माणसांचे चेहरे पाहिले की सिनेमा कसा आहे ते कळतं, असं टॉकीजचे जुने डोअरकीपर सांगायचे. डिसेंबर २०२० मध्ये ही सोय नव्हती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. महाराष्ट्रातली चित्रपटगृहं ५ नोव्हेंबरला, तीही निम्म्या प्रेक्षकांच्या अटीवर, उघडली होती. एक खुर्ची भरलेली, एक रिकामी. आणि त्या अर्ध्या रिकाम्या अंधारात ४ डिसेंबरला 'टेनेट' आला. इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही.

चेहरे दिसत नव्हते, म्हणून मी कान लावले. मोटारसायकली काढता काढता कॉलेजची पोरं बोलत होती. एक म्हणाला, "काहीच समजून नाही राह्यलं बे." दुसरा म्हणाला, "मलाही नाही. उद्या अजून एक डाव पाहू." एका बाईंनी जाहीर केलं की विमान इमारतीत घुसलं तिथंच पैसे वसूल झाले. एक काका बायकोवर चिडले होते, कारण तिकिटं तिनं काढली होती. ती माउली डिम्पलसाठी आली होती आणि समाधानानं परत चालली होती. "डिम्पल अजून काय छान दिसते," एवढंच तिचं परीक्षण. एका सिनेमाबद्दल इतकी वेगवेगळी मतं मी फार दिवसांनी ऐकत होतो. आणि ज्यांच्याशी भांडून माझं स्वतःचं मत तयार होतं, ते आमचे दादा तर मध्यंतरातच उठून गेले होते.

दादा म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. मी शाळेत असताना बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा त्यांनीच मला पुरवल्या. झुंजार आणि काळापहाड मला भेटले ते दादांच्या ट्रंकेतून. अब्बांना वाटायचं पोरगा अभ्यास करतो आहे. पुढं मी कवितेच्या नादी लागलो, दादा रहस्यकथेलाच एकनिष्ठ राहिले. त्या दिवशी नियमाप्रमाणे आमच्या दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती. मध्यंतराचे दिवे लागले तसे ते त्या खुर्चीवरून झुकून म्हणाले, "कविराज, हा गुप्तहेराचा सिनेमा नाही. ही तुझी नवकविता आहे. तू पाय, मी चाललो."

त्यांच्या या एका वाक्यात 'टेनेट'विषयीचं सगळं भांडण आहे, असं मला आजही वाटतं.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाचा हा अडीच तासांचा चित्रपट. एक अमेरिकी गुप्तहेर आहे, त्याला सिनेमाभर नावच नाही. शस्त्रांचा रशियन व्यापारी सेटर हा खलनायक. शस्त्रांच्या मागावर नायक मुंबईला येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये गेटवेच्या परिसरात त्याचं चित्रण झालं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटोही आले होते. डिम्पल कपाडिया तिथं भेटते, शस्त्रांच्या व्यापारातली खरी सूत्रधार म्हणून. इथपर्यंत सगळं ओळखीचं आहे. बिनओळखीची गोष्ट ही की भविष्यातल्या लोकांनी वस्तूंचा आणि माणसांचा काळ उलटवण्याची युक्ती शोधली आहे. गोळी भिंतीतून निघून बंदुकीत परत येते. एका यंत्रातून गेलेला माणूस उलट्या काळात चालू लागतो. त्याच्या भोवती पक्षी मागं उडतात, आणि आगीनं त्याला भाजण्याऐवजी गारठा धरतो.

यामागचं शास्त्र थोडं खरं आहे, बरंचसं कल्पित. खरं एवढंच, की जगातली अव्यवस्था एकूण वाढत जाते आणि म्हणून काळाला दिशा आहे असं आपल्याला जाणवतं. आपल्या नागपुरात हे समजवायला शास्त्रज्ञ नको. तर्री पोह्यावर ओतली की ती आपण होऊन पातेल्यात परत जात नाही. नोलनच्या सिनेमात जाते. बस्स.

आता दादांची तक्रार. रहस्यकथा हा वाचकाशी केलेला करार असतो. अर्नाळकर दीडशे पानं तुम्हाला गोंधळात ठेवतील, पण शेवटी खुनी कोण, मोटार कुणाची, तिजोरीची किल्ली कुठे, हे सगळं हातावर ठेवतील. वाचक गोंधळ सहन करतो तो त्या भरवशावर. 'टेनेट'नं पाटी लावली गुप्तहेरकथेची आणि आत माल ठेवला दुसराच. सुरुवातीलाच एक शास्त्रज्ञ बाई नायकाला सुचवते, की समजून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, अनुभव घे. हे वाक्य कवितेत शोभतं. पैसे देऊन रहस्य सोडवायला आलेल्या माणसाला ते तोंडावर दार आपटल्यासारखं वाटणारच. दादा चुकले होते असं मी म्हणणार नाही.

पण कळत नाही म्हणून रागावण्याची आपल्या गावाला जुनी सवय आहे. ग्रेस आपल्याच नागपूरचे. 'संध्याकाळच्या कविता' १९६७ मध्ये आली आणि तेव्हापासून २०१२ साली ते गेले तोपर्यंत, किंबहुना आजही, त्यांच्याबद्दल पहिला शब्द निघतो तो दुर्बोध. आणि याच ग्रेस यांच्या एका कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावली, 'महाश्वेता' मालिकेबरोबर ती घरोघर पोचली. अर्थ विचारला असता तर शंभरातल्या नव्वद घरांनी हात वर केले असते. तरी पोळ्या लाटताना बाया ती गुणगुणत होत्या. कानाला कळत होतं, डोक्याला कळायची घाई नव्हती.

इथं मात्र 'टेनेट'ची एक मोठी चूक दिसते, आणि ती मी कवी असूनही माफ करत नाही. ग्रेस ऐकू तरी येतात. 'टेनेट'मध्ये माणसं ऑक्सिजनचे मुखवटे लावून बोलतात, हेलिकॉप्टर घरघरतं, वरून संगीताचे घण पडत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी कथेची किल्ली असलेलं वाक्य येतं. न कळणं निराळं आणि न ऐकू येणं निराळं. पहिल्यात प्रेक्षकाचा काही वाटा असतो, दुसऱ्यात सगळा दोष सांगणाऱ्याचा. ज्यांनी हिंदी आवृत्ती पाहिली त्यांचा सूर पुष्कळ नरम होता हे माझ्या लक्षात आलं. डबिंग करणाऱ्या मंडळींनी बिचाऱ्यांनी शब्द स्वच्छ उच्चारले होते! जगभर इंग्रजी जाणणारे आवाजावरून कुरकुरत होते आणि आमच्याकडचा मेकॅनिक पोरगा हिंदीत पाहून मित्राला कथा सांगत होता.

मला स्वतःला पहिल्याच फेरीत फार त्रास झाला नाही, त्याचं कारण नोलन नाही, माझं घर आहे. आमच्या घरी दोन लिप्या. शाळेचं मराठी डावीकडून उजवीकडे, अब्बांचं उर्दू वर्तमानपत्र उजवीकडून डावीकडे. त्याचं पहिलं पान म्हणजे माझ्या वहीचं शेवटचं. आणि गंमत अशी, की उर्दूत अक्षरं उजवीकडून चालतात पण आकडे डावीकडूनच लिहितात. साल किंवा रक्कम आली की एकाच ओळीत नजर थबकते, उलट फिरते, आकडा उचलते आणि पुन्हा आपल्या वाटेला लागते. लहानपणी मला हे कोडं वाटायचं, मग सवय झाली. 'टेनेट'मध्ये हमरस्त्यावरचा पाठलाग आहे. काही मोटारी पुढच्या काळात धावतात, काही उलट्या काळात. ते पाहताना मला अब्बांच्या वर्तमानपत्रातली ती ओळ आठवली. कळलं म्हणत नाही, पण डोळे बिथरले नाहीत.

खुद्द सिनेमाचं नावही दोन्हीकडून सारखंच वाचता येतं. शाळेत आपण 'चिमा काय कामाची' आणि 'ती होडी जाडी होती' म्हणत असू, त्यातलाच हा प्रकार. लॅटिनमध्ये पाच शब्दांचा एक प्राचीन चौकोन आहे: सेटर, अरेपो, टेनेट, ऑपेरा, रोटस. आडवा, उभा, सुलटा, उलटा, कसाही वाचा, तेच शब्द. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातही तो सापडला आहे. नोलननं पाचही शब्द सिनेमात वापरले आहेत. खलनायक सेटर, चित्रांच्या नकला करणारा अरेपो, सुरुवातीचं ऑपेरा हाउस, आणि रोटस नावाची कंपनी.

याचं फार कौतुक झालं तेव्हा मला आपल्या पाथरीची आठवण झाली. परभणी जिल्ह्यातलं पाथरी, म्हणजे जुनं पार्थपूर. सोळाव्या शतकात तिथं सूर्य दैवज्ञ नावाचा गणिती आणि कवी होऊन गेला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिणारा हा माणूस. त्यानं 'रामकृष्णविलोमकाव्य' रचलं. श्लोक सुलटा वाचला की रामाची कथा, तोच उलटा वाचला की कृष्णाची. पंडितसुद्धा टीकेचा आधार घेतल्याशिवाय त्यात चार पावलं चालू शकत नाहीत. त्यातलं किती काव्य आणि किती कसरत, हा वाद 'टेनेट'इतकाच तिथंही घालता येईल. माझं मत विचाराल तर कसरत जास्त. पण गोदावरीच्या काठावर बसून एका ओळीला दोन तोंडं द्यावीत असं कुणाला तरी वाटलं, याचा मला अभिमान आहे. (उलटं वाचण्याचा मोह जयंत नारळीकरांनाही सुटला नव्हता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलट लावून पाहा!)

पण कसरतीला टाळ्या मिळतात, गळा दाटून येत नाही. 'टेनेट'ला टाळ्या वाजवणारेही बहुतेक कसरतीलाच वाजवतात. खरंखुरं जुनं जंबो विमान विकत घेऊन धडकवलं, याच्या कथा सांगतात. शेवटच्या लढाईत लाल तुकडी दहा मिनिटं पुढं जाते आणि निळी तुकडी त्याच दहा मिनिटांत मागं येते, त्याच्या आकृत्या काढतात. आणि न आवडलेले म्हणतात की यात माणूसच नाही. मीही जवळजवळ त्यांच्याच बाजूचा होतो. शेवटची पाच मिनिटं आली आणि फसलो.

नायकाबरोबर नील नावाचा एक सोबती आहे. मुंबईत भेटतो. नायकाला वाटतं, हा आत्ताच ओळखीचा झालेला माणूस. पण याला आपण काय पितो हे आधीच कसं ठाऊक? आपण ते धावत्या ओघात सोडून देतो. शेवटी कळतं, की नीलला या कामावर घेतलं ते नायकानंच, पुढं, भविष्यात. त्यांची मैत्री पुष्कळ वर्षांची आहे, फक्त ती नायकाची अजून व्हायची आहे. नील त्या मैत्रीच्या शेवटाला उभा आहे आणि नायक आरंभाला. नीलच्या पिशवीला एक लाल दोरा आहे. तोच दोरा सुरुवातीला ऑपेरा हाउसमध्ये नायकाचा जीव वाचवणाऱ्या मुखवटेवाल्याच्या पिशवीला होता, आणि तोच भुयारात मरून पडलेल्या माणसाच्या पिशवीलाही. नायकाला ते दिसतं. नीललाही माहीत आहे. तो हसतो, निरोप घेतो आणि त्या भुयारात परत मरायला जातो.

हे मध्यंतरानंतरचं आहे. मध्यंतराआधी काळ बहुतेक सरळ चालतो. दादांनी तेवढंच पाहिलं होतं.

मी त्यांना रात्रीच फोन करून सांगणार होतो. पण म्हटलं, फोनवर कशाला, सिनेमा घरच्या टीव्हीवर आला की बसवू त्यांना माझ्या घरी, मग पाहू कसे उठतात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असेच गेले. भेटले की ते चिडवायचे, "काय कविराज, लागला का अर्थ?" मी म्हणायचो, "लागला. पण तुम्हाला सांगणार नाही."

एप्रिल २०२१ मधलं नागपूर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याचं वर्णन मी करत नाही. दादांना दवाखान्यात नेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. तोंडावर मास्क होता, ऑक्सिजनचा. शब्द नीट येत नव्हते. मला तीनदा विचारावं लागलं, "काय म्हणता दादा?" चौथ्यांदा कळलं. ते म्हणत होते, "त्या तुझ्या सिनेमाचं शेवटी काय झालं?"

मी म्हणालो, "घरी या, मग सांगतो."

ते आले नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरीस 'टेनेट'ला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं. बातमी मी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

पुढं २०२३ मध्ये नोलनचाच 'ओपनहायमर' आला, तेव्हा पोरांनी पुन्हा 'टेनेट'चा विषय काढला, आणि आमच्या घरी तो टीव्हीवर लावला गेला. खाली अक्षरं येत होती, त्यामुळे मुखवट्यांमागचे शब्दही वाचता आले. पुष्कळ उलगडलं. काही अजूनही नाही उलगडलं. माझी मुलगी मध्येच म्हणाली, "अब्बू, समजून राह्यलं का तुम्हाला?" मी म्हटलं, "थांब, पुढं बघ." दादा ज्या जागी उठले होते ती जागा आली आणि गेली. घरी मध्यंतर होत नाही. नील भुयाराकडे निघाला तेव्हा मी मुलीला सगळं सांगत बसलो, लाल दोरा कुठं कुठं दिसला ते, कोण कुणाला आधीपासून ओळखत होतं ते. तिला ते आधीच कळलं होतं. तरी तिनं मला बोलू दिलं.