वंशावळीत लेकीबाळीही हव्यात



दामाजीपंत, चोखोबा आणि कान्होपात्रेच्या मंगळवेढ्यात स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. दुष्काळात उपाशी माणसांसाठी कोठारं खुली करणाऱ्या दामाजींच्या गावात कॅन्सरपासून माणसाचा जीव वाचवण्याच्या विषयावर परिषद भरते आहे, याचा आम्हा मंगळवेढेकरांना अभिमान वाटतो.

आपल्या भागात हेळवी दारात येतो, वही उघडतो आणि खापरपणजोबापर्यंतची नावं वाचून दाखवतो. घराण्याचा इतिहास जपण्याची ही मोठी परंपरा आहे. पण आपल्याकडच्या वंशावळी बहुतेक बापाकडून मुलाकडे उतरत जातात. लग्न होऊन गेलेली आत्या, आईची आई, मावशी यांना त्यांत जागा नसते. ज्या चोखोबांची समाधी आपण पंढरीला महाद्वारी पाहतो, त्यांच्या घरातली सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा ही नावं महाराष्ट्रानं शतकानुशतकं जपली. आपल्यापैकी किती जणांना आईच्या आईचं नाव आणि ती कशानं गेली हे सांगता येईल?

दवाखान्यात रोज दिसणारी गोष्ट सांगतो. छातीत गाठ घेऊन सून येते. डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला कॅन्सर होता का?" शेजारी बसलेली सासू उत्तर देते, "न्हाई बाई, आमच्यात कुणाला न्हाई." सासूबाई खरंच बोलतात, पण ते सासरचं खरं. सुनेचं रक्त माहेरचं आहे आणि माहेरची चौकशी तिथं होतच नाही.

1990 साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की काही घराण्यांतल्या स्तनांच्या कॅन्सरचं मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. 1994 मध्ये ब्राका-1 हे जनुक हाती लागलं. त्यात बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण 70 जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. बीजकोशाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. हा बिघाड आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आत्याचं दुखणंही भाचीनं माहीत करून घ्यायला हवं.

मात्र घाबरून जाऊ नका. सगळ्या कॅन्सरांपैकी असे थेट वारशानं आलेले 5 ते 10 टक्केच. एका घरात दोघांच्या तोंडाला कॅन्सर झाला, तर आधी मशेरीची डबी आणि तंबाखूची पुडी बघावी. सवयीही घरातूनच येतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे तर विषाणू असतो. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. त्या विषाणूची एकदा केलेली तपासणीही मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे 2009 मध्ये त्यातून जगापुढे आलं. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीनं नोंद ठेवली. आता घराघरानं ठेवायची आहे.

आपल्याला अडवते ती सोयरिकीची भीती. "पोरीचं लग्न जमायचं न्हाई" म्हणून आईचा कॅन्सर 'पोटाचं दुखणं' होतो. तो लपवल्यानं पोरीचं लग्न जमेल, पण तिला वेळेवर तपासणीला कुणी नेणार नाही. मी पोटतिडकीनं सांगतो, ही झाकपाक आपल्या लेकींच्या जिवावर उठली आहे.

म्हणून आज प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आहे. त्यावर चार पिढ्या लिहा: आई-वडील, भावंडं, मुलं, काका, आत्या, मामा, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा. कॅन्सर झाला असेल तर कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी, तेही लिहा. एकाच बाजूच्या दोघा-तिघांना झाला असेल, पन्नाशीच्या आत झाला असेल, दोन्ही स्तनांना किंवा स्तन आणि बीजकोश दोन्हींना झाला असेल, पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा घरांसाठी जनुकीय सल्ल्याची सोय आहे. आधी सल्ला, मग ज्याला आजार झाला त्याची रक्ततपासणी, आणि बिघाड सापडला तरच बाकीच्यांची, हा त्याचा क्रम. धोका आधी कळला तर तपासण्या लवकर सुरू होतात आणि गाठ लहान असतानाच सापडते.

आज संध्याकाळी घरी जाल तेव्हा आईजवळ, आजीजवळ बसा आणि हा कागद पुरा करा. परिषदेच्या यजमानांची आपल्याकडे एवढीच मागणी आहे.