बाळंतिणीचे मन आणि घराचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त लोणावळा येथे महिला मंडळाच्या सभेत झालेले भाषण)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा आनंदसोहळा. अशा मंगल प्रसंगी दुःखाचा विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. परंतु घरातील सर्वांत मंगल घटना म्हणून आपण जिचा गौरव करतो, त्या बाळाच्या जन्माशीच हा विषय निगडित आहे. पाळणा सजतो, पेढे वाटले जातात, आणि त्याच घरात एखादी बाळंतीण भिंतीकडे तोंड करून मुकाट्याने रडत असते. तिचे रडणे बहुधा कोणाला दिसत नाही. दिसले तर "दृष्ट लागली" किंवा "माहेरच्या लाडाने हळवी झाली" असे म्हणून सोडून दिले जाते. आज तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

पर्युषण पर्वात श्वेतांबर परंपरेत कल्पसूत्राचे वाचन होते. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने उतरविण्याचा आणि पाळण्याचा सोहळा आपण उत्साहाने करतो. परंतु स्वप्ने आणि जन्म यांच्या मधल्या एका प्रसंगाकडे आपले लक्ष थोडेच जाते. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये या करुणेने गर्भस्थ भगवंत निश्चल झाले. मातेला मात्र वाटले, माझा गर्भ हरपला. ती हाताच्या तळव्यावर मुख टेकवून, दृष्टी भूमीकडे लावून शोकात बुडाली. राजवाड्यातील वाद्ये थांबली, नाट्यसंगीत बंद झाले. हे जाणून भगवंतांनी किंचित हालचाल केली, तेव्हा मातेचा शोक सरला. आणि माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प त्यांनी गर्भातच केला.

या प्रसंगातून मला दोन गोष्टी दिसतात. राणीपद, वैभव, प्रेमळ पती, शुभ स्वप्नांचे भाकीत, सारे काही असतानाही गर्भवतीचे मन भयाने व्यापले जाऊ शकते. आणि तिचे दुःख ही तिची एकटीची बाब मानली गेली नाही. सारा राजवाडा स्तब्ध झाला. "तुला काय कमी आहे?" हा आपल्या घरांत सहज विचारला जाणारा प्रश्न त्या प्रसंगात कोठेही नाही.

आता वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून निम्म्याहून अधिक मातांना उगाच रडू येणे, चिडचिड होणे, मन हळवे होणे हा अनुभव येतो. शरीरातील संप्रेरके प्रसूतीनंतर एकाएकी उतरतात, झोप मोडलेली असते, अंग दुखत असते. विश्रांती आणि मायेचे दोन शब्द मिळाले की दोन आठवड्यांच्या आत हे आपोआप निवळते. हा आजार नव्हे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, बाळ झोपले असतानाही आईला झोप लागेना, "मी चांगली आई नाही" हा विचार सतत छळू लागला, तर तो मात्र आजार आहे. त्याला नैराश्य म्हणतात, आणि तो उपचारांनी बरा होतो. याखेरीज हजारात एक किंवा दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, तीव्र मनोविकार होतो. असंबद्ध बोलणे, भास होणे, भलतेच संशय घेणे, दोन-दोन रात्री अजिबात न झोपणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी उतारा-अंगाऱ्यात एक दिवसही न दवडता तिला रुग्णालयात न्यावे. तिला व बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये.

हे सारे परदेशातले किंवा शहरी चोचले आहेत, असे काहींना वाटते. आपल्या शेजारच्या गोव्यातील उदाहरण घ्या. तेथील 'संगथ' या संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवतींचा अभ्यास करून तो २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने आजारी आढळल्या. त्यांतील ७८ टक्के स्त्रियांचे मन गरोदरपणातच लक्षणीय प्रमाणात अस्वस्थ होते. सहा महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक जणी बऱ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे दुखणे बहुधा बाळंतपणाच्या खोलीत सुरू होत नाही. ते डोहाळजेवणाच्या वेळीच घरात असते, केवळ कोणी विचारलेले नसते. आजारी मातांच्या बाळांचे वजन सहाव्या महिन्यात कमी भरण्याचा धोका अधिक असतो, हेही याच संशोधकांनी पुढे दाखवून दिले. हे आईला दोष देण्यासाठी सांगत नाही. बाळाची काळजी असेल तर प्रथम आईची काळजी घ्या, एवढाच त्याचा अर्थ.

त्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष आपण जड अंतःकरणाने ऐकावा असा आहे. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध यांबरोबरच, जन्मलेले बाळ मुलगा की मुलगी, यावरही आईचे आजारपण अवलंबून होते. आता आपल्या समाजाकडे पाहू. २००१ च्या जनगणनेत जैन समाजात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८७० मुली होत्या. २०११ मध्ये ८८९. आपण शिकलेले, अहिंसेला परमधर्म मानणारे. तरीही दुसरी मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी बर्फी येते आणि भेटायला आलेली एखादी आत्या "असू दे, पुढच्या वेळी" म्हणून जाते. हे चार शब्द बाळंतिणीला महिनोन्‌महिने बोचतात. मुंगीलाही दुखवू नये म्हणून आपण जपून पाऊल टाकतो. मग वचनाने होणारी ही हिंसा आपल्याला कशी दिसत नाही?

आपल्या परंपरेत मातेची काळजी नाही, असे मुळीच नाही. मारवाडी घरांत 'जापा', गुजराती घरांत 'सुवावड', मराठी घरांत 'बाळंतपण'. शब्द वेगळे, माया एकच. डिंकाचे लाडू, सुंठ, शेक, तेलाचे मालीश, सव्वा महिन्याची विश्रांती, माहेरचा आधार हे सारे मोलाचे आहे. परंतु एकत्र कुटुंबे लहान झाली, आईही नोकरी-व्यवसायात गुंतली, आणि विश्रांतीची ती खोली कधी कधी एकांतवासाची खोली झाली. सुतकाचे नियम ज्याने-त्याने आपल्या परंपरेप्रमाणे पाळावेत. मात्र बाळंतिणीशी बोलू नये, तिच्याजवळ बसू नये, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

आपल्या लोणावळ्याचा पाऊस त्यात भर घालतो. चार महिने धुके, ओल, न सुकणारी दुपटी, उन्हाचे दर्शन नाही. पावसाळी पर्यटनाच्या हंगामात दुकाने रात्रीपर्यंत उघडी, म्हणून पती घरी येतो तेव्हा बाळ-बाळंतीण झोपलेली. परगावाहून सून म्हणून आलेल्या मुलीला येथे जिवाभावाची मैत्रीणही नसते. तिने दिवसभर कोणाशी बोलावे?

घराने काय करावे, ते थोडक्यात सांगते. भेटायला जाल तेव्हा आधी बाळाला नव्हे, आईला विचारा, "तू कशी आहेस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. गेल्या महिन्यात मन उदास, निराश वाटत होते का? आवडीच्या गोष्टींतही रस वाटेनासा झाला का? हे दोन प्रश्न गरोदरपणातही विचारावेत आणि नंतरही. रात्रीची सलग चार-पाच तासांची झोप तिला मिळेल अशी व्यवस्था करावी. बाळाला खांद्यावर घेऊन फिरविणे पित्यालाही जमते. पर्युषणात उपवास-आयंबिल घडले नाही म्हणून गर्भवतीला अपराधी वाटू देऊ नये. नातेवाइकांनी तुलना आणि सल्ले आवरावेत.

उदासी टिकली तर प्रसूतितज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. रक्तक्षय आणि थायरॉईडची तपासणी व्हावी, कारण त्यांनीही अशीच मरगळ येते. सौम्य आजारात समुपदेशन पुरेसे ठरते. औषध लागले तरी स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत. ती मनाने सुरू करू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. रात्री-बेरात्रीही मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे झाल्याची भाषा आईच्या तोंडून निघाली, तर ती धमकी समजू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी. रुग्णालयात ठेवल्यास बाळ तुटेल, ही भीतीही नसावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करता येत नाही.

शेवटी ट्रस्टपुढे एक विनंती. गोव्यातच पुढे नैराश्यग्रस्त गर्भवतींसाठी एक उपक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तेथे डॉक्टर नव्हे, तर त्याच वस्तीतील, प्रशिक्षण घेतलेल्या साध्या गृहिणी घरी जात. सहा ते चौदा भेटींत ऐकून घेणे, धीर देणे, घरच्यांना सहभागी करणे एवढेच त्यांचे काम. अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक आढळले. आपल्या महिला मंडळात संसार पाहिलेल्या, गोड बोलणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांतील दहा जणींना तज्ज्ञांकडून प्रशिक्षण द्यावे. आणि ही सेवा आपल्या समाजापुरती ठेवू नये. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळातील ज्या भगिनी आपल्या घरांत, दुकानांत राबतात, त्यांचेही बाळंतपण तितकेच नाजूक असते. गावोगावच्या आशाताई प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत बाळाला पाहण्यासाठी घरी जातात. त्यांच्या हाताला आपला हात लागला, तर त्या भेटीत आईचीही विचारपूस होईल.

अनुकंपा दूरच्या जीवांपासून सुरू करण्याची गरज नाही. आपल्याच घरातील आतल्या खोलीचे दार हळूच उघडावे आणि तिच्याजवळ बसावे.

जय जिनेंद्र.