वार पडल्यानंतरचा पहिला तास

(मंडळाच्या महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणावरून)

चहाच्या आधी रक्ताच्या गोष्टी ऐकवतेय, माफ करा. पण इथल्या कितीतरी आज्या लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत आल्या आहेत, म्हणून हा विषय मुद्दाम घेतला.

वार पडली की गर्भपिशवी आवळते आणि उघड्या रक्तवाहिन्या दाबून बंद होतात. पिशवी सैल राहिली तर रक्त थांबत नाही. दिवस भरलेल्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त येत असतं. हाताशी वेळ किती, हिशेब तुम्हीच करा.

इंटर्न असताना मी एका आडगावच्या आरोग्य केंद्रात होते. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि लोडशेडिंगमुळे आमचा फ्रीज सकाळपासून बंद! रात्री एका बाळंतिणीला ते दिलं, पण पिशवी घट्ट होईना. मग नर्सबाईंनी एक हात आत, एक पोटावर ठेवून पिशवी दाबून धरली, ती थेट जिल्ह्याच्या गावी जीप पोचेपर्यंत. सलाइनची बाटली मी धरून बसले होते. बाई वाचली. नर्सबाईंचे हात मात्र दोन दिवस वर होईनात.

पुढे इथे तशीच केस पाहिली. औषधांची ट्रॉली, आतून दाब देणारा फुगा, रक्ताच्या पिशव्या, शेजारी ऑपरेशन थिएटर, सगळं काही मिनिटांत हजर. आजार तोच, साधनं वेगळी.

पण कमी साधनांतही खूप करता येतं. बेळगाव जिल्ह्यात नर्सबाईंनी बाळंतिणींना मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. त्यांना फ्रीज लागत नाही. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून साडेसहाच्या आत आलं. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी तर कंडोम, नळी आणि सलाइन वापरून स्वस्त फुगा बनवला. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१७ मध्ये दिसलं. आणि २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांच्या ऐंशी रुग्णालयांतला अभ्यास आला. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचं आणि सगळे उपचार एकदमच सुरू करायचे. गंभीर त्रासाचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटलं. नुसत्या नजरेने रक्त नेहमी कमीच वाटतं हो!

आता आज्यांसाठी. "बाळंतिणीचं अंगावरून जायचंच" हे खरं, पण त्याला मर्यादा आहे. घरी आल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर किंवा धडधड वाटली, तर डिंकाचे लाडू बाजूला ठेवा आणि लगेच ९११ फिरवा. हा धोका बाळंतपणानंतर काही आठवडे राहतो. इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका. "मराठी" एवढंच म्हणा, दुभाषा मिळू शकतो.

उगीच फोन केला म्हणून कोणी हसणार नाही. उशीर मात्र भरून निघत नाही.